अकाउंटच्या आधीचा धडा

ऑस्ट्रेलियात 10 डिसेंबर 2025 पासून 16 वर्षांखालच्या मुलांना समाजमाध्यमांवर अकाउंट ठेवता येत नाही. कायदा 2024 च्या नोव्हेंबरमध्ये मंजूर झाला आणि तेव्हापासून पालकसभांपासून संसदांपर्यंत एकच वाद रंगला आहे: मुलांवर बंदी घालायची की मुलांना शिकवायचं? एक पक्ष म्हणतो, प्राथमिक शाळेतल्या पोरांना ‘डिजिटल नागरिकत्वा’चे, म्हणजे इंटरनेटवर जाणतेपणाने आणि जबाबदारीने वागण्याचे, धडे कसले देता, दार लावून घ्या, विषय संपला. दुसरा म्हणतो, बंदीने आजवर काय थांबलंय, त्यापेक्षा मुलांना जबाबदार बनवा. दोघेही तावातावाने बोलतात, पण ज्या दहा वर्षांच्या पोरासाठी हे सगळं चाललंय त्याचा दिवस प्रत्यक्षात कुठे आणि कसा जातो, याची चौकशी कुणी करत नाही. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. नऊ ते बारा या वयात, म्हणजे साधारण चौथी ते सहावीच्या वर्गांत, हे शिक्षण दिलंच पाहिजे, आणि मुलाच्या हातात स्वतःचं अकाउंट येण्याआधी दिलं पाहिजे. मात्र आज त्या नावाखाली बहुतेक ठिकाणी जे चालतं, म्हणजे वर्षातून एक व्याख्यान, एक भित्तिपत्रक आणि एक प्रतिज्ञा, ते उद्या बंद पडलं तरी कुणाचं काही अडणार नाही.

बंदीवाल्यांच्या नजरेतून एक साधी गोष्ट निसटते. दहा वर्षांच्या मुलावर बंदी आधीपासूनच आहे. अमेरिकेने 1998 मध्ये मुलांच्या ऑनलाइन माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला, तो 2000 मध्ये लागू झाला, आणि 13 वर्षांखालच्या मुलाची माहिती पालकांच्या संमतीशिवाय गोळा करायला त्याने मनाई केली. संमती मिळवण्याची झंझट नको म्हणून बहुतेक कंपन्यांनी आपल्या नियमांत लिहून टाकलं की तेराच्या आतल्यांनी येऊच नये. तेरा हा आकडा काही बालमानसशास्त्रातून आलेला नाही, तो माहिती गोळा करण्याच्या कायद्यातून आला. तेव्हापासून पाव शतक उलटलं. या पाव शतकात दहा वर्षांची मुलं बाहेर थांबली का? जन्मवर्षाच्या रकान्यात दोन-चार वर्षं मागे सरकायचं की झालं, आणि कित्येकदा हे सरकवणारं बोट आईचं किंवा बाबांचंच असतं. म्हणजे या जगात शिरताना मूल पहिला धडा शिकतं तो हा, की इथले नियम मनावर घ्यायचे नसतात. तो धडा कुठल्याही अभ्यासक्रमात नाही आणि कुणी तो मुद्दाम दिलेला नाही, पण पक्का बसतो.

बरं, ऑस्ट्रेलियाचा नवा कायदा तरी या वयाला कितपत लागू पडतो? व्हॉट्सअॅप, गेम खेळणाऱ्यांचं गप्पांचं अॅप डिस्कॉर्ड आणि गेमचं व्यासपीठ रोब्लॉक्स यांना त्यातून वगळलं आहे. यूट्यूबवर अकाउंट नसलं तरी व्हिडिओ बघता येतात. आता चौथी-पाचवीतल्या मुलाचा ऑनलाइन वेळ कुठे जातो ते आठवा. व्हिडिओ, गेम, गेममधल्या गप्पा आणि वर्गमित्रांचा एखादा ग्रुप, तोही बहुतेक आईच्या नंबरावरून. नेमकी हीच ठिकाणं कायद्याच्या कुंपणाबाहेर आहेत. मी या कायद्याच्या विरोधात नाही. चौदा वर्षांच्या मुलीचं लक्ष विकून पैसा कमावणाऱ्या धंद्याला लगाम हवाच, आणि या कायद्यात दंड मुलांना किंवा पालकांना नसून कंपन्यांना आहे, तोही 4 कोटी 95 लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत, ही त्याची सर्वांत शहाणपणाची बाजू आहे. पण तो झाला म्हणून पाचवीच्या वर्गातला प्रश्न सुटला असं मानणं म्हणजे शेजारच्या घराला कुलूप लावून आपण निर्धास्त झोपण्यासारखं आहे. आणि सोळावा वाढदिवस उजाडेल तेव्हा काय? आदल्या दिवशी जे पूर्ण निषिद्ध होतं ते दुसऱ्या दिवशी पूर्ण खुलं, आणि मधल्या वर्षांत त्याबद्दल कुणी अवाक्षर बोललेलं नाही. या व्यवस्थेत मुलाने शहाणपण आणायचं कुठून?

आता विरोधातला सर्वांत भक्कम मुद्दा. तो बंदीवाल्यांकडून कमी आणि शिक्षणाच्या अभ्यासकांकडून जास्त येतो: मुलांना ‘जबाबदार’ व्हायला शिकवणं ही कंपन्यांची सोय आहे. या आक्षेपात शंभर टक्के तथ्य आहे आणि इतिहासात त्याला दाखलाही आहे. 1920 च्या दशकात अमेरिकी शहरांत मोटारी वाढल्या आणि रस्त्यावर माणसं, विशेषतः मुलं, मरू लागली. सुरुवातीला लोकांचा राग मोटारवाल्यांवर होता, कारण तोवर रस्ता सगळ्यांचा होता, मुलं तिथे खेळत, लोक हवं तिथून तो ओलांडत. मग मोटार क्लब आणि मोटार उद्योगाने मोठ्या शिताफीने वाऱ्याची दिशा बदलली. वाटेल तिथून रस्ता ओलांडणारा पादचारी हाच गुन्हेगार ठरला, लॉस एंजेलिससारख्या शहरांनी 1925 मध्ये तसे नियम केले, आणि शाळांमधल्या रस्ता-सुरक्षेच्या शिकवणुकीतही मोटार क्लबांनी शिरकाव केला. वेग कमी करण्याची चर्चा मागे पडली. मुलांनी कसं वागावं याची चर्चा पुढे आली. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

आज हेच पुन्हा घडत नाही, असं कोण छातीठोकपणे सांगेल? गुगलने 2017 मध्ये ‘बी इंटरनेट ऑसम’ नावाचा मुलांसाठीचा कार्यक्रम आणला. त्यात पासवर्ड मजबूत ठेवा, दयाळूपणे वागा, अनोळखी माणसांपासून जपा, हे सगळं छान सांगितलं होतं. अभ्यासकांनी लगेच बोट ठेवलं ते असं, की यात धोका म्हणून गुंड आहेत, ठग आहेत, हॅकर आहेत, पण मुलांची माहिती गोळा करून त्यावर धंदा करणारी कंपनी मात्र धोक्यांच्या यादीत नाही. असणार तरी कशी? डिसेंबर 2022 मध्ये ‘फोर्टनाइट’ हा ऑनलाइन गेम बनवणाऱ्या एपिक गेम्सने अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी तडजोड करून एकूण 52 कोटी डॉलर भरायचं मान्य केलं. त्यातले 27 कोटी 50 लाख मुलांच्या माहितीसंबंधीचा कायदा मोडल्याबद्दलचा दंड होता आणि 24 कोटी 50 लाख ग्राहकांना परत द्यायचे होते, कारण बटणांची रचनाच अशी होती की लोकांकडून नको असलेली खरेदी होऊन जाई. अशा रचनेसमोर दहा वर्षांच्या मुलाला ‘तू संयम पाळ’ म्हणणं हा निव्वळ क्रूरपणा आहे. डझनावारी अभियंत्यांच्या कामाला पोराच्या मनोनिग्रहाने उत्तर द्यायचं?

इथवर मी आक्षेप घेणाऱ्यांच्या बाजूने आहे. फारकत होते ती यापुढच्या निष्कर्षावर. कंपन्या दोषी आहेत, म्हणून मुलांना शिकवू नका, हे कुठलं तर्कशास्त्र? रस्त्याचाच दुसरा इतिहास बघा, नेदरलँड्सचा. 1971 मध्ये त्या छोट्याशा देशात रस्ते अपघातांत 3,000 हून अधिक माणसं गेली आणि त्यात 400 हून अधिक मुलं होती. लोक रस्त्यावर उतरले, ‘बालहत्या थांबवा’ अशी थेट हाक देणारी चळवळ उभी राहिली, आणि पुढच्या दशकांत त्या देशाने रस्तेच बदलले. वस्तीत वेग कमी झाला, सायकलींना वेगळी वाट मिळाली. पण हे करताना त्यांनी मुलांना शिकवणं थांबवलं नाही. तिथल्या प्राथमिक शाळेच्या वरच्या वर्गांत आजही वाहतुकीची परीक्षा असते. लेखी असते आणि प्रत्यक्षही. प्रत्यक्ष परीक्षेत मूल आपली सायकल घेऊन खऱ्या रस्त्यावरून ठरलेल्या मार्गाने जातं आणि ठिकठिकाणी उभे असलेले स्वयंसेवक बघतात की वळताना हात दाखवला का, मागे पाहिलं का, उजवीकडून येणाऱ्याला वाट दिली का. परीक्षेचं वय किती? साधारण दहा ते बारा. लवकरच लांबच्या माध्यमिक शाळेत ही मुलं एकटी सायकलने जाणार असतात, त्याच्या आधी.

एकाच रस्त्याचे हे दोन इतिहास शेजारी ठेवले की आजच्या वादातली फट दिसते. अमेरिकी मोटार उद्योगाने शिक्षण वापरलं ते रस्ते न बदलण्यासाठी. डचांनी रस्ते बदलले आणि त्या बदललेल्या रस्त्यांवर हक्काने फिरायला मुलांना तयार केलं. शिक्षण तेच, हेतू उलटे. तेव्हा शिकवावं की नाही, याच्या आधी विचारायला हवं की शिकवणारा कोण आहे आणि मुलाला तो कोणाच्या बाजूने उभं करतोय. ज्या अभ्यासक्रमात कंपनीवर प्रश्न विचारायला जागा नाही तो शाळेत घेऊच नये, मग तो कितीही चकचकीत असो आणि फुकट असो. फुकट असेल तर दोनदा विचार करावा.

दुसरा आक्षेप अनुभवी शिक्षकांचा असतो आणि तो मला पहिल्याइतकाच वजनदार वाटतो: असल्या धड्यांनी काही होत नाही. त्यांच्या बाजूने जो सर्वांत जबर पुरावा आहे तो बहुतेक वेळा तेही मांडत नाहीत, म्हणून मीच मांडतो. 1983 मध्ये लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी आणि तिथल्या शाळांनी मिळून अमली पदार्थांविरुद्ध ‘डेअर’ नावाचा कार्यक्रम सुरू केला. गणवेशातला पोलीस अधिकारी वर्गात येई आणि नशेचे धोके सांगे, नाही म्हणायला शिकवी. मुख्य भर पाचवी-सहावीच्या मुलांवर होता, म्हणजे आपण ज्यांच्याबद्दल बोलतोय त्याच वयावर. कार्यक्रम अफाट लोकप्रिय झाला, देशभर पसरला, टी-शर्ट निघाले, पालक खूश, पोलीस खूश, राजकारणी खूश. आणि परिणाम? 1994 मध्ये अनेक मूल्यमापनांचा एकत्रित अभ्यास झाला त्यात नशेवरचा परिणाम नगण्य निघाला. 2003 मध्ये अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेनेही दीर्घकालीन अभ्यास तपासून हेच सांगितलं. वीस वर्षं, अब्जावधींचा खर्च, आणि पालथ्या घड्यावर पाणी.

आपल्या सायबर-सुरक्षा व्याख्यानांचा साचा याहून वेगळा आहे का? सभागृहात तीनशे मुलं मांडी घालून बसवायची, बाहेरून आलेले पाहुणे पडद्यावर भयंकर प्रकरणं दाखवणार, मुलं पहिली पाच मिनिटं टरकतात आणि पुढची चाळीस मिनिटं चुळबुळतात. ज्याच्यावर खरंच काही गुदरलंय तो मुलगा तर त्या दिवशी आणखी मिटतो, कारण पाहुण्यांच्या गोष्टीत चूक नेहमी पीडिताचीच असते: त्याने फोटो पाठवला, त्याने पासवर्ड दिला, त्याने अनोळखी माणसाशी मैत्री केली. ही गोष्ट ऐकल्यावर तो घरी जाऊन सांगेल की लपवेल? भीतीने शिकवलेलं मूल लपवायला शिकतं. या विषयात तर लपवणं हाच सर्वांत मोठा धोका आहे, कारण धमकावणाऱ्याची सगळी मदार ‘घरी कळलं तर’ या तीन शब्दांवर असते.

पण एक साचा फसला म्हणून सगळं शिकवणं फोल ठरत नाही. फिनलंडमध्ये तुर्कू विद्यापीठात ‘किवा’ नावाचा छळविरोधी कार्यक्रम तयार झाला. शेकडो शाळांत मोठ्या प्रमाणावर चाचणी घेऊन तो 2009 पासून देशभर नेला गेला. प्राथमिक वर्गांत त्याचे परिणाम स्पष्ट दिसले. माध्यमिक वर्गांत ते फिकट होत गेले. त्याची गोम अशी की तो छळणाऱ्याला उपदेश करत बसत नाही आणि छळ सोसणाऱ्याला कणखर व्हायलाही सांगत नाही. तो बघ्यांवर काम करतो. छळणाऱ्याला बळ मिळतं ते हसणाऱ्यांकडून आणि गप्प बसणाऱ्यांकडून, तेव्हा वर्गातल्या या मोठ्या गटाला खेळातून, नाट्यातून, चर्चेतून सराव दिला जातो: मी त्या वेळी काय करू शकतो? डेअर आणि किवा दोन्ही शाळेतलेच कार्यक्रम. एकात मुलगा एकटा आहे आणि त्याला ‘नाही’ म्हणायचंय, दुसऱ्यात तो वर्गातला एक आहे आणि वर्ग कसा असावा हे त्यालाही ठरवायचंय. नागरिकत्व म्हणून काही शिकवायचं असेल तर ते दुसऱ्यातच आहे.

हे वर्गात कसं दिसतं ते एका उदाहरणाने पाहू. समजा पाचवीतल्या एका मुलीचा शिंकतानाचा फोटो कुणीतरी काढला, डोळे मिटलेले, तोंड वाकडं. दुसऱ्याने त्याचं स्टिकर केलं आणि वर्गाच्या ग्रुपवर टाकलं. एकाने टाकलं, दहा-बारा जणांनी हसून रडणाऱ्या इमोजी दिल्या, बाकीचे पंधरा-वीस नुसते बघून गेले. त्या मुलीनेही एक हसरी इमोजी टाकली, कारण न टाकावी तर ‘तिला मस्करी कळत नाही’ हे ठरलेलंच. दोन दिवसांत ते स्टिकर गणिताच्या उत्तरालाही येऊ लागलं, शिकवणीच्या ग्रुपमध्येही येऊ लागलं, आणि तिसऱ्या दिवशी मुलगी शाळेत जायचं नाही म्हणाली. आता सांगा, इथे मजबूत पासवर्डचा काय उपयोग? अनोळखी माणूस कुठे आहे? हॅकर कुठे आहे? सगळे ओळखीचे, एका बाकावर डबा खाणारे. आणि यात गुन्हेगार शोधायला गेलात तर हाती फारसं काही लागत नाही, कारण प्रत्येकाने केलेली गोष्ट इतकुशी आहे. पण हा प्रसंग नावं-गावं बदलून, कागदाच्या चिठ्ठ्यांवर, वर्गात मांडून बघा. एका गटाने टाकणाऱ्याची बाजू घ्यायची, एकाने हसणाऱ्यांची, एकाने त्या मुलीची. तिने हसरी इमोजी का टाकली, हा प्रश्न आला की वर्ग बदलतो. मुलं एकमेकांकडे बघायला लागतात. ‘ग्रुपवर काही न बोलता तिला वेगळा मेसेज करता आला असता’ हे उत्तर कुठल्या पुस्तकात नसतं, ते मागच्या बाकावरून येतं. अशा तासाला मोबाइल लागत नाही, इंटरनेट लागत नाही. चाळीस मिनिटं आणि न चिडणारा शिक्षक लागतो.

‘या वयात एवढी समज असते का?’ हा प्रश्न इथे विचारला जातो. विचारणाऱ्यांनी मुलांना कधी खेळताना पाहिलेलं नसावं. स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी गोट्या खेळणाऱ्या मुलांजवळ बसून त्यांना नियमांबद्दल प्रश्न विचारले. तो अभ्यास 1932 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांना आढळलं की लहान मुलांना नियम दगडावरची रेघ वाटतात, मोठ्यांनी किंवा देवाने घालून दिलेले, न बदलणारे. साधारण दहाच्या पुढे हे पालटतं. नियम आपण सगळ्यांनी मिळून मान्य केले म्हणून नियम आहेत आणि सगळ्यांची संमती असेल तर ते बदलता येतात, हे मुलांना उमगू लागतं, आणि अकरा-बारापर्यंत तर ती नियमांच्या बारकाव्यांत वकिलांनाही मागे टाकतात. क्रिकेटमध्ये बाद-नाबादवरून अर्धा तास भांडणारी, मधल्या सुट्टीतल्या खेळाची नियमावली लिहून काढू शकणारी ही मुलं ‘फॉरवर्ड करण्याआधी विचारायचं का’ यावर नियम करू शकत नाहीत? उलट याच्या आधी शिकवलं तर ते आज्ञापालन होतं, आणि याच्या फार नंतर शिकवलं तर तोवर मित्रमंडळींचा शब्द शिक्षकांच्या शब्दापेक्षा मोठा झालेला असतो. किवाचा प्रभाव वरच्या वर्गांत ओसरतो तो बहुधा यामुळेच. नऊ-दहा ते बारा हीच ती खिडकी आहे, आणि अकाउंट नसणं ही तिची अडचण नसून तिची खुबी आहे. हातात काही गमावण्यासारखं नसताना सराव करता येतो.

उलट्या बाजूलाही एक गैरसमज घट्ट बसलाय. ‘आजकालच्या मुलांना सगळं येतं, तीच आपल्याला शिकवतील.’ 2001 मध्ये या पिढीला जन्मजात डिजिटल ठरवणारी एक कल्पना अमेरिकेतून निघाली आणि मोठ्यांना ती भलतीच आवडली, कारण तिने जबाबदारीतून सुटका केली. बोटं चपळ चालतात म्हणजे डोकंही चालतं असं नसतं. झाडावर राहणाऱ्या एका ऑक्टोपसची माहिती देणारं एक संपूर्ण बनावट संकेतस्थळ 1998 पासून इंटरनेटवर आहे, त्या बिचाऱ्या प्राण्याला वाचवण्याच्या आवाहनासकट. नेदरलँड्समधल्या अकरा-बारा वर्षांच्या 27 मुलांना ते दाखवलं, तो अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. ते भरवशाचं नाही हे ओळखणारी मुलं निघाली फक्त 2. माध्यमांचं शिक्षण जिथे बऱ्यापैकी चालतं अशा देशातली ही गत.

पण यावरून मुलं बावळट आहेत असा निष्कर्ष काढू नका, कारण मोठ्यांची गत फार बरी नाही. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 2017 च्या एका अभ्यासात 10 इतिहासकार, 25 पदवीचे विद्यार्थी आणि 10 व्यावसायिक तथ्यतपासनीस यांना संकेतस्थळं तपासायला दिली. पीएचडी झालेले इतिहासकार सुबक मांडणीला आणि भारदस्त नावांना भुलले. तपासनीस भुलले नाहीत, कारण ते ते पान वाचतच बसले नाहीत. त्यांनी लगेच दुसरा टॅब उघडला आणि या संस्थेबद्दल बाकीचे काय म्हणतात ते पाहिलं. ही काही बुद्धिमत्तेची गोष्ट नव्हे, ही सवय आहे, आणि सवय लावायला दहा वर्षांहून चांगलं वय कुठलं? शाळेत मात्र आपण नेमकं उलटं शिकवतो: दिलेला उतारा लक्षपूर्वक वाचा, त्यातच उत्तर आहे. कागदावरच्या धड्याला ते ठीक. पडद्यावरच्या पानाला लक्षपूर्वक वाचत बसणं म्हणजे ठगाचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेणं. आता तर मुलं प्रश्न थेट चॅटबॉटला विचारतात, आणि तिथे दुसऱ्या टॅबची आठवण करून देणारं काही समोर नसतं. उत्तर गोड, नीटनेटकं, आत्मविश्वासाने भरलेलं. तेव्हा ही सवय अकराव्या वर्षी लागलेली नसेल तर ती लागायची कधी?

मग पालकांनी करावं की हे काम, शाळेवर का लादता? पालकांनी जरूर करावं. पण स्टिकरच्या त्या प्रसंगात तीस घरं आहेत आणि ग्रुप एक आहे. एका घरात कितीही उत्तम संस्कार झाले तरी ग्रुपचा रिवाज तीस जण मिळून ठरवतात आणि ते तीस जण एकत्र भेटतात ते वर्गातच. शिवाय पालकांबद्दल स्पष्टच बोलायचं तर मुलांचे फोटो त्यांना न विचारता सर्वांत आधी कोण टाकतं? पहिल्या अंघोळीपासून निकालपत्रापर्यंत सगळं टाकून झालेलं असतं, आणि मग त्याच मुलाला आपण खासगीपणावर व्याख्यान देतो. शाळाही यात मागे नाहीत. स्नेहसंमेलनाचे, बक्षिसांचे, कधी कधी शिक्षेचेसुद्धा फोटो शाळेच्या पानावर नावासकट झळकतात. संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क करारात खासगीपणाचा हक्क आहे आणि आपल्याबद्दलच्या निर्णयांत आपलं म्हणणं मांडण्याचाही हक्क आहे. 2021 मध्ये त्याच करारासाठीच्या समितीने हे हक्क डिजिटल जगातही लागू असल्याचं सविस्तर सांगितलं. आता विचार करा, पाचवीच्या मुलांना हे हक्क मनापासून शिकवले आणि दुसऱ्या दिवशी एखाद्या मुलीने हात वर करून विचारलं, ‘बाई, आमचा फोटो टाकण्याआधी तुम्ही विचारलं होतं का?’ तर किती शाळांना ते झेपेल? माझ्या मते खरं घोडं इथेच पेंड खातं. व्याख्यान आणि प्रतिज्ञा शाळांना सोयीच्या वाटतात, कारण त्यात फक्त मुलांनी बदलायचं असतं.

उरला वेळेचा आणि शिक्षकांचा प्रश्न, आणि तो खोटा नाही. अभ्यासक्रम आधीच फुगलेला आहे, प्रत्येक सामाजिक दुखण्यावर एक नवा तास हे औषध झालंय, आणि शिक्षकांना वाटतं की मुलं वापरतात ते अॅप आपल्याला माहीतही नाही, शिकवणार काय. पण नवा विषय नकोच. संगणकाचा तास बहुतेक ठिकाणी आहेच, आणि त्यात मुलं अजून अक्षरं ठळक करायला आणि सादरीकरणात फुलपाखरं उडवायला शिकतायत. त्यातले महिन्याचे दोन तास काढा. बातमी तपासण्याची सवय भाषेच्या तासात बसते, गेममधल्या आभासी नाण्यांचा हिशेब गणितात बसतो: खरे पैसे किती गेले आणि मध्ये नाणी घातल्यामुळे ते दिसेनासे कसे झाले, हे अपूर्णांकांचं उदाहरण म्हणून घातलं तर मुलं ते दोन मिनिटांत सोडवतील आणि पुढची वीस मिनिटं चिडून बोलतील. ‘बाहेर पडा’ हे बटण फिकट आणि ‘खरेदी करा’ हे बटण ठसठशीत का असतं, हे चित्रकलेच्या शिक्षकांइतकं चांगलं कोण सांगेल? अॅप माहीत नसलं तरी चालतं, ते मुलांनी समजावून द्यावं. शिक्षकाने फक्त पुढचा प्रश्न विचारावा: यात फायदा कुणाचा?

आणि परीक्षा घ्यायचीच असेल तर ‘सुरक्षित पासवर्डची चार वैशिष्ट्ये लिहा’ ही नको. वर्गाच्या भिंतीवर एक कागदी ग्रुप महिनाभर चालवायचा, निरोप चिठ्ठ्यांवर लिहून चिकटवायचे, अॅडमिन दर आठवड्याला बदलायचा. नियम मुलांनी लिहायचे, मोडले की का मोडले यावर बसून बोलायचं, जो नियम कुणालाच पाळता येत नाही तो सर्वांनी मिळून बदलायचा. मुलांना एक नियम मोठ्यांसाठीही करू द्यावा. शाळेच्या अॅपवर रात्री नऊनंतर गृहपाठ टाकायचा नाही, असा तो निघेल यावर मी पैज लावायला तयार आहे. आणि तो शाळेने पाळावा.